माळ पेटला की खत जातं कुठं? पाइनचं सव्हाना आणि आपला सोलापूरचा माळ

तुमचा प्रश्न परवा रात्रीच वाचला होता, पण मोबाइलवर एवढं टाइप करायचं म्हणजे जीव जातो, म्हणून आज निवांत बसून लिहितोय. प्रश्न थोडक्यात असा, की मोहोळ तालुक्यात तुमचा चार एकर मुरमाड माळ आहे, पीक येत नाही, गवत येतं. आजोबा दरवर्षी होळीच्या आसपास ते पेटवायचे आणि "जाळलं की हिरवं झकास येतंय" म्हणायचे. आता तुम्ही कुठंतरी वाचलं की उष्ण कटिबंधातल्या पाइनच्या सव्हानात आग लागून गेली तरी झाडाखालची गवतं-झुडपं अन्नद्रव्यं वाहून जाऊ देत नाहीत, धरून ठेवतात. मग आपणही पेटवलं तर काय बिघडलं, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी जाता जाता विचारलंय की पाइनची झाडं इथं लावली तर जगतील का.

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. लावू नका. जगायची शक्यता कमी, आणि जगली तरी आपल्या चुनखडीच्या मातीत पिवळी पडून उभी राहतील. झाडच हवं असेल तर हिवर लावा, बोर तर आपोआप येतंच.

आता मुख्य मुद्दा. मी बावीस वर्षं पाणलोट आणि कुरणाच्या कामात आहे, उत्तर सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा असं फिरणं झालंय. पाइनचं सव्हाना मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, ते वाचून माहीत आहे. पण गवत, राख आणि मुरूम हे तिन्ही हातात घेऊन भरपूर बघितलंय, त्यामुळं तिथली गोष्ट इथं कुठं लागू होते आणि कुठं अडते ते सांगू शकतो. आणि मला विचाराल तर तुम्हाला खरं अडलंय ते जाळावं की जाळू नये यावर नाही. आग लागली की गवतात बांधलेलं खत सुटं होतं. ते सुटं झालेलं खत पकडायला त्या वेळी जमिनीत कोण जागं आहे आणि त्याला पकडायला किती दिवस लागतात, सगळं या दोन गोष्टींवर ठरतं.

आधी तिकडचं बघू. पाइनचं सव्हाना म्हणजे घनदाट जंगल नाही. विरळ उभी पाइन, मधे मोकळी जागा, खाली गवत आणि झुडपं. मध्य अमेरिकेत बेलीझमधला माउंटन पाइन रिज, होंडुरास-निकाराग्वाचा मिस्किटो किनारा, तिथं कॅरिबियन पाइन असतो. आशियात थायलंडच्या थुंग सालेंग लुआंग भागात असं रान आहे, फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर डोंगरात आहे, आणि गंमत म्हणजे लुझोनचा पाइन आणि आपल्या मेघालयातल्या खासी टेकड्यांवरचा पाइन ही एकच जात, शास्त्रीय नावातसुद्धा खासीच आहे. बेलीझकडं पाइनखाली बारमाही गवतं, लव्हाळ्याच्या जातीची गवतं, नेचे, आणि नान्से नावाचं पिवळ्या बारक्या फळांचं झुडूप. अजून एक झाड असतं ज्याची पानं सँडपेपरसारखी, पारिजातकाचं पान खरखरीत लागतं ना, त्याच्या कितीतरी पुढचं. कोरड्या दिवसांत या रानात आग लागते, कधी विजेनं, बऱ्याचदा माणसानं. मोठ्या पाइनची साल जाड, शेंडा उंच, त्यामुळं आग खालूनच निघून जाते. म्हणजे जळतो तो प्रामुख्यानं खालचा झाडोराच.

तिथली जमीन कशी, तर माउंटन पाइन रिजला खाली ग्रॅनाइट आहे, त्याची वाळूसर, आम्लधर्मी, हलकी माती. आपल्या काळ्या मातीसारखी खत धरून ठेवणारी चिकणमाती नाही. वर पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आता साधा हिशोब केला तर असं वाटतं की आग लागल्यावर राखेतलं सगळं विरघळून पहिल्या पावसातच खाली निघून जायला पाहिजे, आणि दोन-चार आगींत जमीन ठणठणीत कंगाल व्हायला पाहिजे. तशी ती होत नाही, म्हणून तर लोकांना त्याचं कुतूहल. तुम्ही वाचलं ते त्याबद्दलच असणार.

हे समजायला आगीत नेमकं काय जातं आणि काय राहतं ते बघावं लागतं. सगळं खत एका तापमानाला उडत नाही. नत्र (नायट्रोजन) साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढं उडायला लागतं, गंधक ३७५ च्या आसपास. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) उडायला पावणेआठशे अंशाच्या घरात जावं लागतं, आणि कॅल्शियमला तर १४८४. गवताची आग काही शे अंशांची असते आणि एका जागी जेमतेम मिनिटभर टिकते. म्हणजे नत्र बहुतेक धुरात गेलं, गंधक थोडंफार गेलं, आणि स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे राखेत राहिलं. अर्थात राखेचे बारके कण धुराबरोबर वर जातात तेवढं वेगळं.

पण इथं एक मेख आहे जी फार जणांच्या लक्षात येत नाही. आग लागते तेव्हा गवतात नत्र असतंच किती? बारमाही गवत दाणा पडून वाळायला लागलं की पानातलं नत्र आणि स्फुरद बऱ्यापैकी खाली ओढून घेतं, बुडख्यात आणि मुळात ठेवतं. म्हणून तर एप्रिलमधलं उभं वाळलेलं गवत जनावर नुसतं चघळत बसतं, पोट भरतं पण दुधाला काही फरक पडत नाही, आणि तेच गवत दिवाळीच्या आगेमागे कापलेलं असेल तर दावणीत काडी शिल्लक राहत नाही. आग लागायच्या आधीच माल तळघरात गेलेला असतो, वर उरतो तो नुसता सांगाडा. तिथल्या झुडपांचंही तेच, जमिनीखाली जाड लाकडी गड्डा असतो, नेच्यांचे आडवे खोड जमिनीत, कंद असलेल्या वनस्पती तर पूर्णच खाली. आणि माती उष्णता फार वाईट वाहून नेते, गवताच्या आगीत दोन-तीन सेंटीमीटर खाली फारसं काही कळत नाही.

तुम्ही मोहोळचे, म्हणजे ऊस बघितलेलाच आहे. ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं तरी खोडवा फुटतो की नाही? डोळे जमिनीत असतात म्हणून फुटतो. बारमाही गवताचा बुडखा म्हणजे बारका खोडवाच समजा. (पाचट जाळू नका हे वेगळं सांगायला नको. हेक्टरी ८-१० टन पाचट असतं, त्यात अर्धा टक्का नत्र आणि टक्काभर पालाश, म्हणजे पन्नासेक किलो नत्र काडीनं धुरात घालवायचं आणि मग दुकानात युरियाच्या रांगेत उभं राहायचं.)

आता आग गेल्यावर तिकडं काय होतं. खाली मुळं जिवंत, त्यात साठा भरलेला, जमिनीत थोडी ओल, हवेत दमटपणा. थोड्याच दिवसांत कोंब फुटतात. या गवतांची बारीक मुळं मातीच्या अगदी वरच्या थरात जाळ्यासारखी पसरलेली असतात, बरोबर जिथं राख विरघळून उतरते तिथंच. आणि कोंब फुटताना ती गरजेपुरतंच घेत नाहीत, मिळतंय तोवर जास्तीचं उचलून ठेवतात, विशेषतः पालाश आणि स्फुरद. आपल्याकडं सप्ताहात बुंदी वाटायला लागली की लोक डबा घेऊन येतात, तसंच. त्या कोवळ्या फुटव्यात जुन्या गवतापेक्षा नत्र-स्फुरदाचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. मातीतले जिवाणूसुद्धा त्यातलं काही स्वतःच्या शरीरात अडकवून ठेवतात आणि नंतर मेले की हळूहळू सोडतात.

मातीचाही एक हात असतो यात. तिथली माती आम्लधर्मी, आणि अशा मातीची खत धरायची ताकद सामूवर, म्हणजे आम्ल-अल्क मोजायच्या pH वर, बदलते. राख अल्कधर्मी, ती पडली की वरच्या थराचा सामू थोडा वाढतो, आणि सामू वाढला की मातीच्या आणि कुजक्याच्या कणांवर कॅल्शियम, पालाश, मॅग्नेशियम चिकटायच्या जागा वाढतात. म्हणजे राख स्वतःला धरून ठेवायची सोय थोडीफार स्वतःच करते. त्यात पाइनच्या होरपळलेल्या सुया नंतर गळून पडतात, त्यांचं पांघरूण राखेवर बसतं, पावसाचा थेंब थेट जमिनीवर आपटत नाही. मला हे वाचताना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

म्हणजे बघा, जळतं ते खालच्या झाडोऱ्याचंच आणि परत गोळा करतो तोही तोच. पाइन मोठा दिसतो, पण आगीनंतरच्या पहिल्या महिन्यांतली धावपळ गवत-झुडपांची. शिवाय नान्सेसारख्या झुडपांच्या खाली माती आजूबाजूच्या उघड्या जागेपेक्षा सकस असते, ते आपल्याकडं बोरीखाली किंवा हिवराखाली बघा, गवत तिथं आधी हिरवं होतं आणि उशिरा वाळतं. नत्राचं जे नुकसान झालं ते मात्र असं लगेच भरून निघत नाही. ते पावसातून थोडं थोडं येतं, शेंगवर्गीय वनस्पतींच्या गाठींतून येतं, त्याला वर्षं लागतात. म्हणून तिथंही दरवर्षी आग आणि काही वर्षांनी एकदा आग यात फरक पडतो.

आता आपल्या माळावर या.

पहिला फरक म्हणजे माती. आपला खडक बेसॉल्ट, माती चुनखडीयुक्त, सामू बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास. कॅल्शियम तर रगड आहे, पालाशही साधारण बरा असतो. म्हणजे राखेतून जे मिळतं त्यातलं बरंचसं आपल्याकडं आधीच पडलेलं आहे, आणि आपल्याला ज्याची टंचाई, म्हणजे नत्र, तेच नेमकं धुरात जातं. राहिला स्फुरद, तर तो चुन्याला धरून बसतो, वाहून जाण्यापेक्षा अडकून पडायची भीती जास्त. तिकडं राख म्हणजे उपाशी माणसाला भाकरी, इकडं जेवलेल्याला अजून भात वाढल्यासारखं. शिवाय अल्कधर्मी मातीत अजून अल्कधर्मी राख घालून जस्त आणि लोहाचा प्रश्न सुटत नाही, झालाच तर वाढतो. घरी एक करून बघा, चुलीतली राख पाण्यात कालवून ठेवा आणि वरचं निवळलेलं पाणी बोटांनी चोळा, बुळबुळीत लागेल. पालाशचा क्षार आहे तो. आमची आई त्याच राखेनं भांडी घासायची. किती पटकन विरघळतो तेही त्यातनं कळतं.

दुसरा फरक मोठा, वेळेचा. बेलीझमध्येही कोरडे दिवस साधारण फेब्रुवारी ते मे असतात, पण तिथं जमिनीत ओल राहते, मधे सरी येतात, गवत लवकर फुटतं. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा पावसाळ्याच्या शेवटी शेवटी. होळीला जाळलं तर मुरमात ओल नसतेच. मुळं जिवंत असतात पण झोपलेली. मग मार्च, एप्रिल, मे, तीन महिने राख उघड्यावर पडून. आणि उन्हाळ्यात आपल्या माळावर काय असतं ते मी तुम्हाला काय सांगणार, वावटळ उठली की राखेचा खांबच्या खांब उभा राहतो आणि शेजारच्या शिवारात जाऊन पडतो. उरलीसुरली राख वळवाचा पहिला दणका येतो तेव्हा ओढ्यात. वळवाचा पाऊस मुरवणीचा नसतो, तासाभरात नाला भरतो.

हे मी बघितलंय म्हणून सांगतो. एका गावात आम्ही वीसेक एकर माळ चराईबंद केला होता, चौथं वर्ष चालू होतं, आणि त्याला लागून तसाच तेवढाच उघडा गायरानाचा तुकडा. सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा होऊन दोनेक महिने झाले असतील, कुणाच्यातरी बांधावरची आग आली आणि दोन्ही तुकडे एका दुपारी जळाले. मी चौथ्या दिवशी गेलो, सोबत खुरपं आणि लोखंडी सळई. बंद तुकड्यात पवना आणि डोंगरी या बारमाही गवतांचे बुडखे वरून कोळसा झालेले, पण खुरप्यानं चार बोटं कापून बघितलं तर आत पांढरे-पिवळे, ओलसर. उघड्या तुकड्यात बुडखेच कमी, बरीचशी कुसळी, आणि वर्षायू गवतं तर बी टाकून आधीच मेलेली.

एप्रिलच्या मध्यावर परत गेलो तर उंचवट्यावरची पांढरी राख जवळजवळ गायब. पण बंद तुकड्यात प्रत्येक बुडख्याच्या भोवती राखेची एक कडी होती, वाऱ्यानं आणलेली तिथंच अडकलेली, आणि उताराला आडवे खणलेले सलग समतल चर होते त्यांच्या पोटात दोन-दोन बोटं काळा थर. मग मेमध्ये वळीव झाला. उघड्या तुकड्यातून पाणी काळं कुट्ट निघालं, नाल्याच्या वळणावर शाईसारखा गाळ बसला. बंद तुकड्यातूनही निघालं पण फिकं. नंतर पाऊस लागल्यावर सगळ्यात जोमदार गवत कुठं होतं? चराच्या काठाला. तिथं हाताएवढं उंच झालं तेव्हा बाकी माळावर जेमतेम वीतभर. उघड्या तुकड्यात त्या वर्षी टाकळा माजला. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, दोन्ही तुकड्यांचा मागचा इतिहास वेगळा होता, चरात पाणीही जास्त मुरतं, तेव्हा सगळं श्रेय राखेला देता येत नाही. पण आग एकच होती आणि खत धरून ठेवायची ताकद दोन ठिकाणी दोन तऱ्हेची निघाली, एवढं मला पुरेसं होतं.

आता आजोबांचं म्हणणं. आजोबा खोटं बोलत नव्हते. जाळलेल्या जागी फुटवा खरंच जास्त हिरवा, जास्त लुसलुशीत असतो आणि जनावर सगळं सोडून तिकडं पळतं. एक तर जुना वाळका कडबा निघून गेल्यामुळं ऊन थेट बुडख्यावर पडतं, काळी जमीन तापते, आणि आगीच्या उष्णतेनं मातीतलं थोडं नत्र लगेच घेता येईल अशा रूपात सुटतं. पण तो हिरवेपणा बुडख्यातल्या साठ्यातून काढलेला असतो, म्हणजे बँकेतून पैसे काढून लग्न केल्यासारखं. लग्न झोकात होतं. आजोबांच्या काळात माळ मोठा, जनावरं कमी, आणि एकच तुकडा दरवर्षी पेटत नसेल कदाचित, त्यामुळं खातं परत भरायला वेळ मिळत होता. तुमच्या चार एकरांना तो मिळेल का, हे तुमच्या शेजारच्या शेळ्यांवर आहे.

कारण खरं नुकसान आगीपेक्षा त्यानंतरच्या चराईनं होतं. ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकऱ्याचं गवत फार जाड, जुनं, कुजकट झालं होतं, जनावर तोंड लावत नव्हतं, तर मीच म्हणलं एकदा पेटवा. पेटवलं. पाऊस पडला, फुटवा आला, आणि त्यांनी आठव्या दिवशी शेरडं सोडली. मी ते सांगायलाच विसरलो होतो. बुडख्यानं साठा खर्चून पहिला फुटवा काढला तो गेला, दुसरा काढला तो गेला, पुढच्या वर्षी बघितलं तर निम्मे बुडखे हातानं उपटून येत होते. आणि त्या फुटव्यात गोळा झालेलं सगळं स्फुरद-पालाश शेरडांच्या पोटातून गावातल्या वाड्यावर, लेंडीखत होऊन दुसऱ्याच्या डाळिंबाला. पाइनच्या सव्हानात झाडोरा खत धरतो ते यासाठी, की धरलेलं तिथंच राहतं. तुमच्याकडं धरणारा असेल पण धरलेलं रोज संध्याकाळी गावात जाणार असेल तर सगळा हिशोब उलटा.

नत्राचा आकडा काढून दाखवतो, म्हणजे अंदाज येईल. समजा तुमच्या माळावर हेक्टरी दोन टन वाळलं गवत आहे. मुरमाड जमिनीला हे ठीकठाक धरू. वाळक्या गवतात नत्र अर्धा टक्का धरलं तर झालं १० किलो. यातलं बरंचसं उडणार. १० किलो नत्र म्हणजे २२ किलो युरिया, जवळपास अर्धं पोतं. एका वेळेला हे काही फार नाही, आग लागली म्हणून रडत बसू नये. पण दरवर्षी अर्धं पोतं, आणि माळाला आपण पोतं कधी टाकत नाही. आणि हेच गवत ऑक्टोबरमध्ये अर्धवट हिरवं असताना पेटलं तर नत्र खाली उतरलेलं नसतं, नुकसान जास्त. उशिरा जाळावं तर आग जास्त तापते, पण तीन महिन्यांचा उघडेपणा कमी होतो. यात एकच बरोबर तारीख नाही, कुणी सांगत असेल तर त्याला विचारा की पाऊस कधी पडणार तेही सांग.

सारखं जाळत राहिलं की गवताची जातही बदलते. कुसळीचं बी बघितलंय ना, लांब शेपटी, पायजम्यात घुसतं ते. ओल लागली की ती शेपटी पीळ सोडते आणि बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं. म्हणजे आग येईपर्यंत बी सुरक्षित जागी पोचलेलं. पवना-मारवेलला तितकं जमत नाही. त्यामुळं आग आणि चराई दोन्ही चालू राहिली की आपल्याकडचं चांगलं सेहिमा-डायकँथियमचं कुरण, म्हणजे पवना आणि मारवेलचं, हळूहळू कुसळीकडं सरकतं आणि मग त्याहून निकृष्ट कुसळांकडं. खत धरणारी मुळंही त्याबरोबर उथळ आणि विरळ होत जातात. नत्र परत आणायला शेंगवर्गीय लागतात. आपल्या माळावर उन्हाळी नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप असतं, त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि जळालं तरी खालून फुटतं, ते तण म्हणून उपटू नका. तरवडाला शेंगा लागतात म्हणून लोक त्याला पण नत्राचं झाड समजतात, पण त्याच्या मुळांवर गाठी नसतात. टाकळ्याचंही तसंच. तरवडाचा उपयोग वेगळा, तो माती धरतो, जनावर खात नाही म्हणून त्याच्या आडोशाला चांगलं गवत वाचतं.

तर तुमच्या चार एकरांचं मी काय केलं असतं. पेटवलं नसतं. दाणा पिकून पडल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबरमध्ये, चार बोटं बुडखा ठेवून कापलं असतं, पेंढ्या विकल्या असत्या किंवा घरच्या जनावरांना घातल्या असत्या आणि वर्षाआड थोडं शेणखत परत माळावर आणलं असतं, हे कुणी करत नाही पण करायला पाहिजे. स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी फेकलं असतं. उताराला आडवे चर काढले असते, कारण आग तुम्ही लावा किंवा शेजारचा लावो, चर असला की राख आणि माती तुमच्याच रानात थांबते. आणि भोवतीनं जाळरेषा, म्हणजे बाहेरची आग आत येऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, घेतली असती, पण ती एकट्यानं दुपारी नाही, चार माणसं, पाण्याचे ड्रम आणि वारा पडलेला असताना सकाळी लवकर.

तरीही जुनं गवत फारच साठलंय आणि जाळायचंच असं ठरलं तर सगळे चार एकर एकदम नको. एक एकर, तेही त्या तुकड्याला परत चार-पाच वर्षं हात लावायचा नाही, आणि पुढचा पूर्ण पावसाळा तिथं एक शेळीसुद्धा नाही. चराईबंदी जमणार नसेल तर जाळायचा विषयच बंद. मार्चपासून पुढं धाविक आणि टिटवी जमिनीवर अंडी घालतात हेही बघा, मातीच्या रंगाची असतात, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. शेजारी वन विभागाची जमीन असेल तर फारच सांभाळून, राखीव वनात आग गेली तर भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा होतो, आणि नान्नजकडचा माळढोक अभयारण्याचा भाग असेल तर विचारच करू नका.

माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल, आणि ठेवू नयेच, तर स्वतः तपासा. समजा या उन्हाळ्यात आग लागलीच तर चार-पाच बुडखे खुरप्यानं कापून आत ओल आहे का बघा, जिथं शेणाची गोवरी किंवा ओंडका जळाला तिथली माती वेगळी भाजलेली दिसेल, ती जागा सोडून. माती परीक्षणाला नमुना देताना आपण नेहमी वीस सेंटीमीटरचा व्ही आकाराचा खड्डा घेतो, त्यात राखेचा फरक मुरून जातो, काही दिसत नाही. यासाठी फक्त वरच्या पाच सेंटीमीटरची माती घ्या. एकदा वळवाच्या आधी, एकदा दोन-तीन पाऊस होऊन गेल्यावर, त्याच जागेवरून, आणि शेजारच्या न जळालेल्या जागेवरूनही, नाहीतर तुलना कशाशी करणार. सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश एवढं बघायला सांगा. आणि बांधाच्या खालच्या अंगाला जो काळा गाळ बसेल तो वेगळ्या पिशवीत, त्यावर ठळक लिहा, कारण मागं एकदा आमच्या पिशव्यांची अदलाबदल झाली होती आणि आम्ही महिनाभर खूश होतो की माळावरचा स्फुरद वाढला.